शंखपुष्पी की विष्णुक्रांता? ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आई आणि मी सुट्टीच्या दिवशी सकाळी सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या बाजूला माळावर जातो. दुर्बिणीतून चंडोल बघता बघता पायाखालच्या औषधी वनस्पतींचाही नाद लागलाय. तरवड, आघाडा, गोखरू आई लांबूनच ओळखते. अडलंय ते एका रोपापाशी: जमिनीलगत पसरलेलं, बारीक पानांवर रेशमी लव, फूल निळं, जेमतेम नखाएवढं. मला ती विष्णुक्रांता वाटते. शंखपुष्पीचं फूल पांढरट-गुलाबी असतं ना? उपटायचं नाही, फक्त खात्री करायची आहे.

आणखी एक. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात काळवीट, धाविक पक्षी बघायला जायचंय. वनस्पतींची जाण असलेलं कुणी सोबत येईल का? जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना त्रास नको, म्हणून कोणते महिने टाळावेत तेही सांगा.