दोन वर्षांच्या मुलाची शूच्या जागेची कातडी मागे सरत नाही

प्रश्न: मालिशवाल्या मावशी म्हणतात, रोज तेल लावून थोडी थोडी मागे ओढा. ओढावी का?

उत्तर 1: अजिबात नको! या वयात कातडी आतून चिकटलेलीच असते. हळूहळू आपोआप सुटते, काहींची तर वयात येताना. जोर केला की चिरते, व्रण धरतो आणि तोंड कायमचं आवळतं. अंघोळीत बाहेरून कोमट पाणी पुरे.

उत्तर 2: आत पांढरी मऊ गुठळी दिसली तर पू समजून दाबू नका, त्या झडलेल्या पेशी असतात. शू करताना क्षणभर फुगणंही चालतं. धार थेंबथेंब येत असेल, लाली-सूज किंवा ताप असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

उत्तर 3: सुटल्यावर त्यालाच मागे घेऊन धुवायला शिकवा, आणि लगेच पुढे आणायलाही. मागेच अडकून सुजली तर तडक दवाखाना गाठा.