मदत हवी आहे: सर्फिंगच्या ग्रुप क्लासचा फॉर्म भरायचाय, पोहण्याबद्दल काय लिहू? आज रात्रीपर्यंत सांगा

मांजराकाठ
आम्ही चौघं परदेशात एका बेटावर फिरायला जायलोत, मी, बायको, लहान भाऊ आणि त्याची बायको. तिथं सर्फिंगचा, म्हणजे फळीवर (बोर्डवर) उभं राहून लाटेवरून यायचं शिकायचा, बिगिनर ग्रुप क्लास बुक केलाय दोन तासांचा, ॲडव्हान्स पण भरलाय. आता त्यांनी फॉर्म पाठवलाय आणि त्यात विचारायलेत की समुद्रात पोहता येतं का, हो किंवा नाही, मधला पर्यायच नाही. मला पोहता येतं, लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकलो, पण समुद्रात कधी पोहलो नाही. मग हो लिहू का नाही लिहू? नाही लिहिलं तर क्लासला घेणार नाहीत का? आणि ग्रुप क्लास बरा का प्रत्येकाला वेगळा शिकवणारा घ्यावा? व्हिडिओ बघून तर काहीच समजंना, सगळे पहिल्या लाटेलाच उभे राहिलेले दाखवतात. फॉर्म आज रात्री भरायचाय, ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा.

गोदातीर
भाऊ, जायलात कुठं? बेट कोणतं, किनारा कोणता, महिना कोणता हे कळल्याशिवाय काय सांगणार. एकाच बेटाचा एक किनारा ज्या महिन्यात चांगला असतो त्याच महिन्यात दुसरा खवळलेला असतो. आणि चौघांपैकी पोहता किती जणांना येतं ते पण लिहा.

बालाघाट
परदेशात कशाला जाता ओ पहिल्यांदा शिकायला. कर्नाटकात मंगळुरूच्या वर मुलकी आहे, तिथं कित्येक वर्षांपासून सर्फिंग शिकवतात, जवळच ससिहित्लु आणि पणंबूरला देशपातळीवरच्या स्पर्धा झाल्यात. चेन्नईजवळ कोवलमला तर कोळ्यांची पोरं शिकवतात, ज्यांचा जन्म त्या पाण्यात गेलाय. इथं शिका, मग बाहेर जा. आधी आपल्या देशातलं बघावं माणसानं.

मांजराकाठ
बालीला जायलोत, कुटा बीच. नाताळच्या सुट्टीत. तिकिटं, हॉटेल सगळं झालंय त्यामुळं मुलकी आता सांगू नका. मला आणि भावाला पोहता येतं, दोघींना नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या की कुणीतरी, हो लिहू का नाही?

परभणीची_लेक
दादा मी केलाय ग्रुप क्लास, श्रीलंकेत वेलिगामाला, आणि मला पण फक्त तलावातलं पोहणं येत होतं. आधी काय होतं ते सांगते म्हणजे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. पहिला बराच वेळ पाण्यात नेतच नाहीत. वाळूवर बोर्ड ठेवतात, त्यावर पालथं झोपायचं, हातानं वल्हवल्यासारखं करायचं, मग छातीजवळ दोन्ही तळवे टेकवून एका झटक्यात उभं राहायचं, ह्याला पॉप-अप म्हणतात. वाळूवर तेच ते परत परत करून घेतात. मग कमरेएवढ्या पाण्यात नेतात, तिथं लाट आधीच फुटलेली असते आणि नुसता पांढरा फेस किनाऱ्याकडं येत असतो. शिकवणारा तुमचा बोर्ड मागून धरून उभा राहतो, फेस आला की ढकलतो आणि ओरडतो, की उठ! उभं राहणं जमलं तर जमलं, नाहीतर पालथं झोपून किनाऱ्यापर्यंत आलात तरी तो आनंद वेगळाच आहे. मी पहिले कितीतरी वेळा गुडघ्यावरच आले आणि गुडघ्यावर आलं की तिथंच अडकतो माणूस, म्हणून ती सवय वाळूवरच मोडा.

बोर्ड मोठा मागा, आठ-नऊ फुटी, वरून फोमचा मऊ. तो डोक्याला लागला तरी बरं असतं, कडक बोर्ड लागला तर खोक पडते. आणि दोघी वहिनींना सांगा, मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण, अंगठ्या सगळं हॉटेलवर काढून ठेवायचं. माझं मंगळसूत्र बोर्डखाली दाबलं गेलं होतं पालथं झोपल्यावर, आणि मणी छातीत रुतले. अंगात पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट) आणि खाली घट्ट लेगिंग, नाहीतर बोर्डवर घासून पोट आणि मांड्या सोलून निघतात आणि मग त्यावर खारं पाणी.

नाथसागर
सगळ्यांना लाईफ जॅकेट घालायला लावा, विषय संपला. जायकवाडीला नावेत बसताना सुद्धा जॅकेट लागतं, तो तर समुद्र आहे. जॅकेट देत नसतील तर तो क्लास घेऊच नका.

परभणीची_लेक
नाथसागर दादा, बोर्डवर पालथं झोपायचं असतं, छातीवर एवढं जाड जॅकेट असलं तर झोपता पण येत नाही आणि उठता पण येत नाही. आणि मोठी लाट आली तर तिच्या खाली बुडी मारता यावी लागते, जॅकेट वर ओढतं. म्हणून बहुतेक क्लासवाले देत नाहीत. पाय बोर्डला दोरीनं बांधलेला असतो, लीश म्हणतात, आणि तो फोमचा बोर्डच तरंगत राहतो.

नाथसागर
दोरी तुटली तर? ज्या बाईला पोहता येत नाही तिनं काय धरायचं मग? मी धरणावर बुडालेली माणसं काढताना बघितलीत ताई, म्हणून कळकळीनं सांगायलोय.

पोहणारा_मास्तर
दोघांचं पण बरोबर आहे. पोहता येणाऱ्याला जॅकेट अडचणीचं. न येणाऱ्यानं कमरेच्या पुढं जायचंच नाही, जॅकेट असो नसो.

मी पोहणं शिकवतो म्हणून मांजराकाठ भाऊंच्या मूळ प्रश्नावर बोलतो. विहिरीत शिकलेला माणूस दमदार असतो, खोल पाण्याला भीत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण विहिरीत पाणी हलत नाही आणि चार हातांवर कठडा असतो. समुद्रात श्वास घ्यायला तोंड उघडलं की त्याच वेळी लाट येते. तेव्हा स्वतःला तपासा: उताणं पडून हातपाय न मारता पाच-दहा मिनिटं तरंगता येतं का? उभं पोहत एकाच जागी दम धरता येतो का? तोंडावर पाणी मारलं तर घाबरता का? हे जमत असलं तर हो लिहा, पण शेजारी लिहा की समुद्रात पहिल्यांदाच उतरतोय. घरच्या दोघींचं सरळ नाही लिहा, ह्यात लाजायचं काय नाही, उलट त्यामुळं शिकवणारा त्यांना जवळ ठेवतो. खोटं हो लिहिलं तर तो तुम्हाला ज्या पाण्यात नेईल त्यात तुमचा पाय टेकणार नाही.

आणि दुसरी गोष्ट नीट वाचा. विहिरीवरच्या पोरांना सूर मारायची आणि मुटका मारायची सवय असते, अंगात भिनलेली. बोर्डवरून पडताना तीच सवय जीवघेणी ठरते. पाणी कमरेएवढं, खाली वाळूचा टणक तळ, डोकं पुढं करून सूर मारला तर मानेचं हाड मोडतं, कायमचं अपंगत्व येतं. पडायचं ते पाठीवर किंवा कुशीवर, आडवं, पसरून, उथळ पाण्यात पडल्यासारखं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे कारण बोर्ड कुठं आहे ते तुम्हाला दिसत नसतं. हे भावाला पण सांगा, तो पण विहिरीतलाच असणार.

गोदातीर
मास्तरांनी लाखातलं सांगितलं. आता महिन्याचं. नाताळ म्हणजे बालीत पावसाळा ऐन भरात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. कुटा पश्चिम किनाऱ्याला आहे आणि त्या दिवसांत वारा पश्चिमेकडून म्हणजे समुद्रावरून जमिनीकडं येतो, लाटा विस्कटतात आणि प्लास्टिकचा कचरा वाहून किनाऱ्याला लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर उलटा वारा असतो, तेव्हा तिथं लाट स्वच्छ येते. तरी पण शिकणाऱ्याला फेसच लागतो आणि कुटा आणि शेजारच्या लेगियनला तळ वाळूचा आहे, त्यामुळं क्लास होईल. फक्त सकाळी लवकरची वेळ मागा, वारा वाढायच्या आत. रात्री धो धो पाऊस झाला असंल तर दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरू नका, गटारं-ओढे सगळं समुद्रात येतं, कान आणि पोट दोन्ही बिघडतं. कुणी म्हणंल पूर्व किनारा तेव्हा चांगला असतो, असतो, पण तिकडं बऱ्याच ठिकाणी खाली प्रवाळ आहे, नवख्यानं त्याच्या नादी लागू नये.

परभणीची_लेक
म्हणूनच म्हणते वेलिगामा. तिथं नोव्हेंबर ते एप्रिल हाच सीझन, खाडीसारखा वाकलेला किनारा, खाली वाळू. पूर्वेकडचं अरुगम बे त्याच्या उलट, मे ते सप्टेंबर. नाताळला सर्फिंगच करायचं असंल तर श्रीलंकाच.

बालाघाट
म्हणजे मुलकी सांगितलं तर चालत नाही आणि श्रीलंका चालते? तिकिटं झालीत म्हणालेत ना ते.

धाराशिवकर
स्कूटी भाड्यानं घेणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, आणि विमा काढताना त्यात सर्फिंग बसतं का ते बघा, काहींत साहसी खेळ वगळलेले असतात. खाण्याचं म्हणाल तर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या, धपाटे ज्वारीचे, दही न घालता केले तर दोन-तीन दिवस आरामात टिकतात. तिथं टेंपे नावाचा सोयाबीनचा प्रकार मिळतो, शाकाहारी लोकांना चालतो, पण चटणीत झिंगा असतो बऱ्याचदा, विचारून खा. हिंदू बेट असलं तरी खाणं आपल्यासारखं नाही.

मांजराकाठ
धपाट्याचं बायको बघंल, विमा बघतो. मास्तर, उताणं तरंगता येतं मला, भावाला दम कमी आहे. ग्रुप का वेगळा ते अजून कुणी सांगितलं नाही. आणि हो, मला चष्मा आहे, उणे पाच. तो घालून चालतो का?

गोदातीर
उणे पाच आणि हे आत्ता सांगता भाऊ! चष्मा लाटेत जाणार म्हणजे जाणारच. शिकवणाऱ्याला आधीच सांगा की मला लांबचं दिसत नाही, भडक रंगाचा शर्ट घाल आणि हातानं खूण करू नको, ओरडून सांग. लेन्स घालून समुद्रात उतरणं डोळ्यांना धोक्याचं, पाण्यातले जंतू लेन्सखाली राहतात. तरी घालायचीच असंल तर डोळ्याच्या डॉक्टरला विचारून, एकदा वापरून फेकायची.

आता ग्रुपचं. किती जणांचा ग्रुप आहे ह्यापेक्षा एका शिकवणाऱ्यामागं किती जण, हे विचारा. एकामागं दोन असले तर ग्रुप आणि वेगळा क्लास ह्यात फार फरक राहत नाही. एकामागं पाच असले तर तो एकाला ढकलतो तोवर बाकीचे चार जण फेसात नुसते उभे, आणि पोहता न येणारं माणूस त्याच्या पाठीमागं. तुम्ही चौघं आहात, दोन शिकवणारे मागा, दोघींमागं एक. शिकवणाऱ्याकडं इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचं प्रमाणपत्र आहे का ते पण विचारा.

बालाघाट
मी म्हणतो ग्रुपच घ्यावा. एकट्याला सलग दोन तास ढकलत राहिला तर खांद्याचं पीठ पडतं, पाऊण तासात हात उचलत नाहीत. मध्ये थांबायला मिळतं तेच बरं. दुसरा कसा पडतो ते बघून पण शिकतो माणूस.

नाथसागर
आणि आत ओढणाऱ्या पाण्याचं कुणी बोललंच नाही, ते सगळ्यात महत्त्वाचं.

पोहणारा_मास्तर
बोलायलाच पाहिजे. रिप करंट. लाटा घेऊन आलेलं पाणी परत आत जाताना एका पट्ट्यातून जोरात जातं. नवख्याला वाटतं जिथं लाट फुटत नाही, पाणी शांत आहे, तिथून आत जावं. तोच तो पट्टा असतो, गढूळ दिसतो, फेस आत जाताना दिसतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजायचं नाही, ताकदवान माणूस पण दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर आडवं पोहायचं, पट्टा अरुंद असतो, सुटतो. दम नसला तर बोर्ड धरून तरंगायचं आणि हात वर करायचा. बोर्ड सोडून पोहत यायचं नाही कधीच. कुटाला जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची, लाल झेंडा असंल तिथं पाय पण घालायचा नाही.

रझाकभाई_बीडवाले
वाचून बरं वाटलं आणि वाईट पण. आमच्या पिढीला विहिरीनं पोहायला शिकवलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या काळात ज्यांचं शिकायचं वय होतं ती पोरं कोरड्या विहिरीत उतरून गाळ काढत होती, पोहणार कुठं. आज त्यातली कितीतरी पोरं पुण्यात नोकरीला आहेत, कंपनीच्या सहलीला कोकणात जातात आणि गुडघाभर पाण्यात सुद्धा वाहून जातात. जिल्ह्याच्या ठिकाणी तरी स्वस्तातला तलाव पाहिजे.

धाराशिवकर
अगदी मनातलं बोललात भाई. माझ्या पुतण्याचं तेच झालंय, पोहणंच येत नाही.

बालाघाट
ह्यावर वेगळा धागा काढा, इथं भाऊंचा फॉर्म राहून जाईल.

मांजराकाठ
फॉर्म भरला. मी हो लिहिलं आणि खाली लिहिलं की विहिरीत पोहतो, समुद्र पहिल्यांदाच, चष्मा उणे पाच. भावाचं आणि दोघींचं नाही लिहिलं, भाऊ चिडला पण मी ऐकलं नाही. सोबत विचारलं की एकामागं किती, मऊ बोर्ड आठ फुटांच्या वरचा आहे का, सकाळची पहिली वेळ मिळंल का. लगेच उत्तर आलं: नाही लिहिणाऱ्यांना पण घेतात, पण त्यांना कमरेच्या पुढं नेत नाहीत. एरवी एकामागं चार असतात, थोडे पैसे जास्त दिले तर दोन शिकवणारे. मी हो म्हणून टाकलं. वेळ भरती-ओहोटी बघून आदल्या दिवशी कळवणार म्हणाले, हे बरोबर आहे का का टोलवाटोलवी?

परभणीची_लेक
बरोबर आहे दादा, मला पण आदल्या संध्याकाळीच कळवलं होतं. भरतीच्या वेळेप्रमाणं फेस कुठं येतो ते बदलतं. तुम्ही त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. आणि रॅश गार्ड इथूनच घेऊन जा, तिथले भाड्याचे ओले असतात, आधीच्या माणसाच्या अंगातले.

पोहणारा_मास्तर
नाताळपर्यंत वेळ आहे. भावाला आठवड्यातून दोन-तीन सकाळी तलावावर न्या, उताणं तरंगणं आणि उभं पोहणं, एवढंच करून घ्या. दोघींना पण उथळ बाजूला उतरवा आणि तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला शिकवा. आणि घरी सतरंजीवर पालथं झोपून उठायचा सराव रोज, चौघांनी. जेवण झाल्यावर लगेच नको, पोटावर भार येतो.