मिशिगनचं ‘बिग हाऊस’ कधी बघावं: सामन्याच्या दिवशी की रिकामं असताना?

खालची_रांग (धागाकर्ता)

मिशिगनमध्ये शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांकडे देशातून आई-वडील आले की अ‍ॅन आर्बरचं मिशिगन स्टेडियम, म्हणजे मिशिगन विद्यापीठाचं ‘बिग हाऊस’, यादीत असतंच. लगेच शनिवारच्या कॉलेज फुटबॉल सामन्याची तिकिटं शोधायला सुरुवात होते. (फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन.) माझं ठाम मत आहे की इतिहास समजून घ्यायचा असेल तर ते रिकामं असताना बघा. आतली फेरी विद्यापीठाला आधी विचारून, वेळ ठरवून करावी लागते. आयत्या वेळी गेलात तर कुंपणावरून परत यावं लागेल.

रिकामं का, तर इथला इतिहास बांधकामात आहे आणि लाखभर माणसं बसली की बांधकाम झाकलं जातं. १९२०च्या दशकात विद्यापीठाचे क्रीडा संचालक फील्डिंग योस्ट यांना प्रचंड मोठं मैदान हवं होतं, पण खेळाचं स्तोम वाढतंय म्हणून प्राध्यापकांचा विरोध होता. विद्यापीठातल्या एडमंड डे यांच्या समितीचा अहवाल १९२६ मध्ये आला आणि अखेर परवानगी मिळाली, पण इमारत साधी असावी या अटीवर. म्हणून इथे कमानी नाहीत, खांबांच्या रांगा नाहीत. जमिनीत खोदलेला वाडगा आणि त्यात बाकांच्या रांगा, एवढंच. घडण येल विद्यापीठाच्या १९१४ च्या ‘येल बोल’वरून घेतलेली.

खर्च साधारण साडेनऊ लाख डॉलर. त्यासाठी ५०० डॉलरचे ३,००० रोखे काढले. व्याज ३ टक्के, शिवाय रोखेधारकाला दहा वर्षं चांगल्या जागेची तिकिटं विकत घेण्याचा हक्क. १९२७ मध्ये आसनं ७२,००० होती, पण योस्टनी पाया लाखाच्या वर प्रेक्षकांचा भार पेलेल असा घालून घेतला होता. म्हणूनच १९४९ मध्ये लाकडी बाक काढून धातूचे बसवल्यावर क्षमता ९७,२३९ झाली आणि १९५६ मध्ये १,०१,००१. शेवटचा ‘१’ हा फ्रिट्झ क्रिस्लर या प्रशिक्षक-संचालकांच्या मानाचा. आज आकडा १,०७,६०१ आहे, म्हणजे तीन वानखेडे एकत्र करूनही थोडी माणसं उरतील. शेवटचा अंक तेव्हापासून ‘१’च ठेवला आहे.

शनिवारचा_माणूस

साफ असहमत. रिकाम्या वाडग्यात तुम्हाला काँक्रीट दिसेल. ते कशासाठी ओतलं, ते दिसणार नाही. ८ नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर प्रेक्षक आले आहेत (२०२० चा करोनाचा हंगाम सोडून). २०१३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध १,१५,१०९ होते. योस्टनी पाया जाड घातला तो याच गर्दीच्या भरवशावर. ती गर्दीच वगळून इतिहास सांगणं मला पटत नाही.

आणि बांधकाम गर्दीतच जास्त कळतं. रस्त्यावरून आत शिरलात की तुम्ही वाडग्याच्या वरच्या भागात असता आणि खालच्या रांगेसाठी पायऱ्या उतरत जावं लागतं. बहुतेक भाग जमिनीखाली आहे, हे गुडघ्यांना समजतं. उतार उथळ असल्यामुळे पूर्वी आवाज वर उडून जायचा. २०१० मध्ये पूर्व-पश्चिमेला उंच इमारती झाल्यावर तो आत कोंडायला लागला. हे रिकाम्या मैदानात कसं ऐकणार?

आता कामाचं. सप्टेंबरमधला दुबळ्या संघाविरुद्धचा सामना निवडा. तिकीट तुलनेनं सहज मिळतं, हवाही बरी असते. सगळ्यात खालच्या रांगा घेऊ नका. लोक महाग तिकीट काढून पुढे बसतात आणि समोर उभ्या असलेल्या खेळाडूंच्या पाठी बघतात. ही अडचण इतकी जुनी आहे की १९९१ मध्ये मैदानच साडेतीन फूट खाली घेतलं. मधल्या किंवा वरच्या रांगेतून डाव नीट दिसतो. बाकांना पाठ नाही. सामना साडेतीन तास चालतो, तेव्हा बसायला काहीतरी मऊ हवं. काय आत चालतं ते त्या हंगामाच्या नियमात बघा. पाठीवरची सॅक चालत नाही. तिकीट फोनवर असतं आणि लाखभर फोन एका जागी आले की नेटवर्क बसतं, म्हणून ते घरीच फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. गाडी पलीकडच्या पायोनियर हायस्कूलच्या किंवा विद्यापीठाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात लावतात, पण निघताना तासभर अडकायची तयारी ठेवा. त्यापेक्षा डाउनटाउनमधून चालत या.

हाफटाइमला खायला उठू नका. कॉलेज फुटबॉलमध्ये तो वीस मिनिटांचा असतो आणि विद्यापीठाचा बँड मैदानात उतरतो. खाणं दुसरा क्वार्टर संपायच्या आधी आणा.

एकोणीसशे_तीन

दोघांचीही जागाच चुकली आहे असं मला वाटतं. स्टेडियमनं खेळ बदलला, हे बघायचं असेल तर बॉस्टनला हार्वर्ड स्टेडियम बघा. १९०३ चं, पोलाद घालून मजबूत केलेल्या काँक्रीटचं.

१९०५ पर्यंत हा खेळ जीवघेणा झाला होता. खेळाडू मरत होते, म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना बोलावून घेतलं. खेळ मोकळा करण्यासाठी खेळाचे नियम घडवणाऱ्या वॉल्टर कॅम्प यांचा एक प्रस्ताव होता: मैदान ४० फूट रुंद करा. हार्वर्डच्या पायऱ्या काँक्रीटच्या, जागच्या हलणार नाहीत. रुंदीकरण बारगळलं आणि १९०६ मध्ये चेंडू हातानं पुढे फेकण्याला, म्हणजे फॉरवर्ड पासला, मुभा मिळाली. आज जो खेळ दिसतो तो तिथून निघाला. पायऱ्या मैदानाच्या किती अंगावर आल्या आहेत ते बघितलं की हा वाद एका मिनिटात उलगडतो. १९८७ मध्ये हार्वर्ड स्टेडियम आणि येल बोल या दोघांना राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. मिशिगन मोठं आहे, पण मोठेपणा म्हणजे महत्त्व नव्हे.

खालची_रांग

हार्वर्डचा मुद्दा मान्य आणि तो माझ्याच बाजूचा आहे: पायऱ्या आणि मैदान यांतलं अंतर रिकाम्या स्टेडियममध्येच मोजता येतं! मिशिगनमध्येही जमिनीनं खेळावर परिणाम केलाच. खोदकामाची जागा पाणथळ होती. १९६९ पर्यंत नैसर्गिक गवत होतं, मग कृत्रिम आलं, १९९१ मध्ये पुन्हा खरं गवत लावलं आणि ते नीट टिकेना, कारण मैदान भूजल पातळीच्या खाली. २००३ पासून पुन्हा कृत्रिम. प्रेक्षकांना दिसावं म्हणून खोल गेलात तर गवत जातं, हा पेच तिथे उभं राहिल्यावर कळतो.

ओवेन्सपेक्षा_वेगवान

इतका वेळ रोखे, बाक, गवत चाललंय. विलिस वॉर्डचं नाव कुणीच घेतलं नाही, याचं वाईट वाटतं.

२० ऑक्टोबर १९३४, याच मैदानावर जॉर्जिया टेकविरुद्ध सामना होता. वॉर्ड हा मिशिगनचा कृष्णवर्णीय खेळाडू. तो खेळणार असेल तर आम्ही उतरणार नाही, असं पाहुण्यांनी कळवलं. कॅम्पसवर विद्यार्थ्यांनी विरोध केला, तरी मिशिगननं त्याला बसवलं. बदल्यात पाहुण्यांनीही आपला एक खेळाडू बसवला. मिशिगन ९-२ नं जिंकलं आणि त्या हंगामातला तो त्यांचा एकमेव विजय. संघात वॉर्डचा मित्र जेराल्ड फोर्ड होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. पुढच्याच वर्षी योस्ट फील्ड हाऊस या विद्यापीठाच्या क्रीडागृहात वॉर्डनं ६० यार्डांच्या शर्यतीत, पुढे ऑलिंपिक गाजवलेल्या जेसी ओवेन्सला हरवलं. आणि जॉर्जिया टेकशी हा सामना ठरवणारे क्रीडा संचालक म्हणजे वर ज्यांचं कौतुक झालं तेच योस्ट. दूरदृष्टीचं श्रेय द्यायचं तर हा हिशेबही त्यांच्याच नावावर मांडा.

हे ना रिकाम्या बाकांवर दिसतं, ना भरलेल्या. आधी वाचून जावं लागतं. विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसवर बेंटली हिस्टॉरिकल लायब्ररी आहे, तिथे क्रीडा विभागाची जुनी कागदपत्रं आणि छायाचित्रं जपलेली आहेत. जाण्याआधी वेळ बघा, शनिवार-रविवारवर विसंबू नका. मग योस्ट फील्ड हाऊसवरून चालत स्टेडियमकडे या. १९२३ ची ती इमारत आज आइस हॉकीसाठी वापरतात, शेजारी फेरी फील्ड हे जुनं मैदान. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी २२ मे १९६४ ला गरिबी आणि वंशभेद संपवण्याची ‘ग्रेट सोसायटी’ची कल्पना मांडली, तीही याच स्टेडियममधल्या पदवीदान समारंभात.

शनिवारचा_माणूस

वॉर्डबद्दल पूर्ण सहमत, हे आधी यायला हवं होतं. शुक्रवारी बेंटली आणि शनिवारी सामना, असा बेत जमतो. रिकाम्या स्टेडियमसाठी मात्र मी अजूनही वेगळी फेरी करायला सांगणार नाही.

ज्येष्ठांसाठी एक गोष्ट राहिली. मधल्या मार्गिका २०१० च्या कामात रुंद झाल्या आणि तेव्हाच कठडे आले. व्हीलचेअरच्या जागाही आपोआप आलेल्या नाहीत: अपंग माजी सैनिकांच्या संघटनेनं २००७ मध्ये विद्यापीठावर दावा लावला, २००८ मध्ये तडजोड झाली, त्यातून त्या वाढल्या. पायऱ्या झेपत नसतील तर तिकीट काढतानाच तशी जागा मागा. दारात पोचल्यावर बदलून मिळेल असं धरून चालू नका. आणि नोव्हेंबर अखेरचा ओहायो स्टेटचा सामना आई-वडिलांसाठी टाळा. धातूचा बाक त्या थंडीत दोन स्वेटरांतूनही लागतो.

खालची_रांग

पायऱ्यांचा प्रश्न असेल तर मग मे-जूनमधली ठरवून केलेली फेरीच बरी ना? गर्दी नाही, घाई नाही, वाटेल तिथे थांबता येतं. पूर्व बाजूचा बोगदा तेवढा नीट बघा. दोन्ही संघ त्या एकाच वाटेनं ये-जा करतात. २०२२ मध्ये मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाशी झालेल्या सामन्यानंतर तिथे मारामारी झाली आणि पुढच्या वर्षी काही आसनं काढून त्याचं तोंड रुंद केलं.