कॉकटेल ड्रम: आधी आत पडदी टाका, हेड नंतर बदला

दादा, १६ इंची फ्लोअर टॉमचा (पायांवर उभा राहणारा मोठा ड्रम) कॉकटेल ड्रम (वरून काठीनं अन् खालून पायाच्या पेडलनं वाजणारा एकच ड्रम) केला पण किक (पेडलचा ठोका) डब्यासारखी वाजू लालीय अन् प्रत्येक किकला वरच्या हेडला लागून असलेल्या स्नेअरच्या तारा खरखरतात असं तुम्ही लिहिलंय, त्यात दोष हेडचा (ड्रमच्या तोंडावर ताणलेल्या पापुद्र्याचा) नाही, आतल्या हवेचा आहे. पेडल खालच्या हेडला खालून वर मारतंय, ती हवा सरळ वरच्या हेडला जाऊन धडकते. आपल्या तुळजापूरच्या संबळाची दोन भांडी वेगळी असतात म्हणून दोन्हीचा आवाज सुटा येतो, इथं एकाच शेलात (ड्रमच्या नळकांड्यात) ते करायचंय, म्हणून मधे पडदी.

मी परभणीत सुताराकडून पातळ प्लायची गोल चकती कापून घेतली, कडेला फोमची पट्टी लावली अन् वरून एक तृतीयांशावर छोट्या अँगलनी बसवली. खालच्या भागाला हवेचं एक भोक ठेवा, नाहीतर किक गुदमरते. खरखर निम्म्याहून जास्त कमी झाली, थोडी राहतेच, ती राहू द्या.

प्लाय टाकायच्या आधी मात्र शेलची कड बघा. सपाट ग्रॅनाइटवर शेल उपडं ठेवायचं, आत मोबाईलचा टॉर्च लावायचा, खोलीत अंधार करायचा. जिथून उजेड झिरपतो तिथं हेड नीट टेकतच नाही. माझ्या शेलला दोन जागी फट निघाली, मग बाकीची उंच कड पॉलिश पेपरनी हळूहळू घासली.

खालचं हेड डबल प्लायचं (दोन थरांचं) घ्या, सुरकुत्या जाईपर्यंतच ताणा, समोरासमोरचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा फिरवत. उशी-बिशी कोंबू नका, कडेला फेल्टची एक पट्टी बास होती.