स्की पँटला दोन्ही बाजूंनी पूर्ण चेन : गरज की हौस?

गड्डा_चुकवलेला
या जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा (आमची सोलापूरची जत्रा) सोडून गुलमर्गला स्कीचा कोर्स करून आलो. आई अजून बोलते. पुढच्या मोसमात सोलापूरचे आणखी तिघे निघालेत आणि तिघांचाही एकच प्रश्न, पँट कुठली घ्यायची? म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कंबरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंना चेन असलेलीच घ्या. कारण बूट. स्कीचा बूट म्हणजे कडक प्लॅस्टिकचं कवच, वर बकलांची रांग. थंडीत ते प्लॅस्टिक आणखी ताठरतं. सकाळी एकदा पाय कोंबला की संध्याकाळपर्यंत काढायचं नाव घेऊ नये. साधी पँट त्या बुटावरून ना चढते ना उतरते. पूर्ण चेनची असली तर उभ्या उभ्या निघते, पायात स्की असल्या तरी.

दुसरं कारण उकाडा. हसू नका. नवशिक्याला पहिले काही दिवस गोंडोला, म्हणजे वर नेणारा दोरावरचा पाळणा, लांबूनच बघायचा असतो. स्की आडव्या ठेवून, एकेक पायरी टाकत उतार स्वतःच चढायचा. ११ वाजता ऊन आलं की आत घामाच्या धारा. शेजारच्या पोराने आतली फ्लीसची पँट काढायला बर्फात बसून बूट काढला. मोजा भिजला, मग दिवसभर पाय बधिर. मी दोन्ही चेन सर्रकन उघडल्या आणि मोकळा झालो.

कडक_भाकरी
मे महिन्यात ४४ अंशांत नवी पेठेत खरेदी करणाऱ्या माणसाला २६५० मीटरवर उकडलं, हे वाचून धन्य झालो. पण एक सांगा दादा. त्या पोराला फ्लीस काढायची होती. तुम्हीही आत फ्लीस घातलीच असणार. तुमची बुटावरून कशी निघाली? तिलाही चेन होती का?

गड्डा_चुकवलेला
पकडलंत. फ्लीस निघाली नाही. फक्त वरच्या चेन उघडल्या.

कडक_भाकरी
मग झालं की ओ! तेवढ्या हवेला मांडीवरची चेन पुरते. साध्या स्की पँटलाही मांडीला वीत-दीड वीत चेन असते, ती याचसाठी. पूर्ण चेनचा खरा उपयोग कधी? वरची पँट हाच जाड, उबदार थर असेल आणि आत नुसतं थर्मल असेल तेव्हा. मग ती काढली की खरंच एक थर कमी होतो. वर पातळ शेल (वारा-पाणी अडवणारी नुसती बाहेरची पँट), आत बिनचेनची फ्लीस, आणि शेलला ४० इंची चेन, म्हणजे पुढच्या दाराला मोठं कुलूप आणि मागचं दार उघडंच.

सुई_नंबर_१६
आमचं युनिफॉर्म शिवायचं काम आहे, अशोक चौकाकडे. बर्फ टीव्हीवरच बघितलाय, पण चेनबद्दल बोलायचा हक्क आहे.

३२ कंबरेच्या, मध्यम उंचीच्या माणसाच्या पँटची बाहेरची शिलाई धरा ४० इंच. दोन्ही बाजू मिळून ८० इंच चेन. ट्रॅकपँटच्या घोट्याला ८ इंची लावायची म्हटलं तरी कारागीर तोंड वाकडं करतो. कारण कापड आणि चेनची पट्टी सारखी आटत नाहीत. दोन-चार धुण्यांत एक आटतं, दुसरं तसंच राहतं, आणि चेन नागमोडी होते. नागमोडी चेनवर रनर गुडघ्यापाशी अडतो. हातात जाड मोजे असताना तो ओढायचा म्हणजे कल्पना करा.

आणखी एक. लेबलवर १०००० (मिलिमीटर) लिहिलेलं बघून लोक भुलतात. त्याचा अर्थ त्या कापडावर १० मीटर उंच पाणी उभं केलं तरी ते झिरपत नाही. पण ते आहे कापडाचं. चेन म्हणजे मुद्दाम ठेवलेली फट. तिच्यावर बाहेरून झाकण-पट्टी हवी, नाहीतर रबरासारखा थर दिलेली चेन हवी. ती दुसरी चेन पाणी अडवते खरी, पण रनर जड जातो.

दुकानात काय बघायचं ते सांगतो. चेन ३ नंबरची असेल तर ठेवून द्या, निदान ५ नंबरची हवी. रनर दोन असतील तर वरूनही उघडता येते आणि खालूनही. आणि जिथे चेन पूर्ण सुटते तिथली पिन. बोट लावून हलवून बघा. दहातल्या आठ जॅकेटांची चेन माझ्याकडे येते ती दात तुटले म्हणून नाही, पिनेजवळची पट्टी भुसभुशीत झाली म्हणून.

माहेर_बार्शी
समस्त पुरुषमंडळींनी सगळ्यात मोठा मुद्दा सोडला. संडास.

मी औलीला गेले होते. पाच थर अंगावर, बोटं गारठलेली, आडोसा म्हणजे एक भिंत. चेन दोन्ही बाजूंनी वरून उघडली की पँटचा फक्त मागचा भाग खाली येतो, वरचं लांब जॅकेट झाकण होतं. मोकळी झाले, अर्ध्या मिनिटात चेन वर. साध्या पँटवाल्या मैत्रिणी दुपारपर्यंत पाणीच पीत नव्हत्या, या एका कारणासाठी. उंचीवर पाणी न पिणं किती महागात पडतं ते भाकरीदादांना सांगायला नको.

मात्र घेण्याआधी कंबर तपासा. काहींची चेन घोट्यापासून येते आणि कंबरेच्या चार बोटं खाली थांबते. तिचा या कामाला काडीचा उपयोग नाही. वर टिचबटण आणि वेल्क्रोने सुटणारीच हवी.

कडक_भाकरी
ताई, हा मुद्दा बिनशर्त मान्य. आमच्या डोक्यात आला नाही, कारण आम्हाला यायची गरज पडत नाही.

दोर_आणि_गाठ
ही पँट मुळात कुणासाठी ते आधी बघा. स्कीच्या शर्यतीतला खेळाडू अंगाला चिकटलेला पातळ सूट घालतो. नंबर येईपर्यंत गारठू नये म्हणून त्यावर ही पँट, आणि सुटण्याच्या जागी उभा असताना बाजूच्या चेन उघडून प्रशिक्षकाच्या हातात. दुसरे गिर्यारोहक. वारा सुटला की बुटावरून, क्रॅम्पॉनवरून (बुटाखाली बांधायचे बर्फाचे काटे) चढवायची. दोघांचीही पँट दिवसातून अनेकदा अंगावर चढते-उतरते. कोर्सच्या पोराची सकाळी चढते ती संध्याकाळी उतरते.

आम्ही डोंगरात वापरतो, पण हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कंबरपट्टा, बांधला की कंबर अडकलीच. मग खालच्या रनरने गुडघ्यापर्यंत उघडायची, तेवढाच फायदा. शिवाय पाठपिशवीचा पट्टा नेमका चेनवर बसतो. आणि नवशिका पडतो कसा? पुढे नाही, मागेही फार नाही. कुशीवर. पहिला आठवडा दिवसातून तीस वेळा कुशीवर. म्हणजे पँटची सगळ्यात कच्ची जागा तुम्ही बर्फात दाबून दाबून भिजवता.

गड्डा_चुकवलेला
दोरवाले, आत्ता उलगडलं. उजव्या खुब्यावर बोराएवढा काळानिळा डाग घेऊन घरी आलो होतो. मला वाटलं दगड लागला. तो वरचा रनर होता! आणि त्याच बाजूची फ्लीस रोज ओली निघायची, डावी कोरडी. मी उजवीकडेच पडतो.

तरी पूर्ण माघार घेत नाही. जेवायच्या सुट्टीत बुखारीशेजारी (तिकडची खोली तापवायची शेगडी) पँट काढून वाळत घालणारा सगळ्या बॅचमध्ये मी एकटा होतो, बूट तसेच पायात. बाकीचे ओल्या पँटवर बसून राजमा-भात खात होते.

तिघांना असं सांगतो : दोघे पोरगे, फ्लीस आधीच घेतलीय, त्यांनी मांडीच्या चेनची साधी घ्यावी. उरलेले पैसे चांगल्या हातमोज्यांत घालावेत, त्याचा पश्चात्ताप होत नाही. तिसरी मामेबहीण, तिला बार्शीच्या ताईंचा निरोप जसाच्या तसा पाठवलाय.

कडक_भाकरी
आणि तुमच्या पँटचं काय?

गड्डा_चुकवलेला
डावी चेन गुडघ्याच्या खाली मागून उघडायला लागलीय. रनर पुढे जातो, दात मागे सुटतात. नवी चेन लावून घेऊ का?

सुई_नंबर_१६
अजिबात नको. चेन उसवली की आत शिलाईवर चिकटवलेली पाणी अडवणारी टेप निघते, ती आपल्याकडे परत बसत नाही. तुमचा रनर फाकलाय, एवढंच. बारीक पक्कड घ्या, रनरच्या दोन्ही कडा मागच्या बाजूने अगदी हलक्या दाबा. एकदा दाबली की चालवून बघा, मग परत. जोर केलात तर रनर फुटेल. नंतर दातांवरून पांढरी मेणबत्ती फिरवा, रंगीत नको, डाग पडतो. नाही जमलं तर रविवार सोडून कधीही घेऊन या, पण आधी धुऊन आणा.