जुन्या कॉम्प्युटरवर सर्किट काढायला हलकं सॉफ्टवेअर कुठलं?

मागवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचे स्टार्टर, पॅनेल, सेन्सर बोर्ड दुरुस्त करतो. धागा तुटला की माग थांबवणाऱ्या बोर्डाचं सर्किट वहीत काढलेलं होतं, ते पान ग्रीस लागून लागून पार काळं झालंय आणि परवा पोरानं त्यातनंच बघून नवा बोर्ड जोडला तर चालू केल्या केल्या बीसी५४७ ट्रान्झिस्टर जळाला. म्हणून आता नीट काढून प्रिंट भिंतीला लावायचीय. पण मशीन विंडोज ७, ३२ बिट, २ जीबी रॅम, कीकॅड (सर्किट काढायचं सॉफ्टवेअर) टाकायला गेलो तर इन्स्टॉलच होईना. पीसीबी (छापील बोर्ड) डिझाइन नको, सिम्युलेशन नको, काढायचं आणि ए४ वर छापायचं एवढंच.

सोल्डरगन
नव्या कीकॅडला ६४ बिट विंडोज लागतंय ओ, त्याच्या नादी लागू नका. टायनीकॅड घ्या. फुकट आहे, अगदी हलकं, एकदा टाकलं की नेट पण लागत नाही. एखादा पार्ट लायब्ररीत नसला तर आपणच काढून सेव्ह करायचा. एक सांगतो, चार वायरी एकाच ठिपक्यावर आणू नका, थोडं अंतर ठेवून दोन टी (तीन-तीन वायरींचे जोड) करा. प्रिंटमध्ये ठिपका पुसट आला तरी जोडणाऱ्याला कळतंय कुठं जोड आहे आणि कुठं वायर नुसती वरून गेलीय.

पॅनेलमास्टर
बोर्डासाठी टायनीकॅड बरोबर. पण डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाईनवर चालू करणारा), कॉन्टॅक्टरची वायरिंग काढायची असेल तर क्यूइलेक्ट्रोटेकचं जुनं ३२ बिट व्हर्जन बघा. कॉइल एका पानावर आणि तिचा एनओ (एरवी उघडा असणारा) कॉन्टॅक्ट दुसऱ्या पानावर असला तरी कुठला कुणाचा ते दाखवतं, मोठ्या पॅनेलला लई उपयोगी.
आणि बीसी५४७ वर रिले आहे ना? कॉइलवरचा डायोड बघितला का?

मागवाला_सोलापूर
टायनीकॅड टाकलं, लगेच उघडतंय. रात्री लाईट जायच्या आत अर्धं सर्किट काढून पण झालं.
डायोडचं बरोबर बोललात. वहीत नेमका त्याच्यावरच ग्रीसचा डाग, पट्टी कुठल्या बाजूला तेच दिसत नाही. पोरानं १एन४००७ डायोड उलटा लावलेला, पट्टी १२ व्होल्टकडं पाहिजे ती ट्रान्झिस्टरकडं, मग १२ व्होल्ट सरळ डायोडातनं ट्रान्झिस्टरवरच. त्याला उगाच बोललो मी. नव्या ड्रॉइंगमध्ये पट्टीजवळ मोठं अधिक काढलंय, आणि आता बाकीचं त्यालाच शेजारी बसवून काढतोय.