करंट कुणी दिला? ग्वाल्हेरकरांनो, सांगा!

चैत्र लागला, आपल्या लष्कर भागात माळ्यावरचे कूलर खाली उतरू लागले. आता 'करंट मारतोय' हे घरोघरी ऐकू येणार. तेव्हा यंत्र असो की जनावर, ज्यानं झटका दिला त्याची गोष्ट इथे लिहा. फार सजवू नका.

सुरुवात आमच्या बोक्यापासून. फाल्गुनातल्या कोरड्या हवेत तो मिंक ब्लँकेटवर लोळतो आणि लाडात येऊन नाक पुढे करतो. बोट लावलं की चट्ट! अंधारात ठिणगीही दिसते. व्होल्ट हजारांत, पण विद्युतभार इतका थोडा की लागतो न लागतो तोच संपतो. बोका मात्र दिवसभर माझ्यावरच डूख धरून असतो.

दौलतगंजातून:
आमच्या पत्र्याच्या कूलरला हात लावला की झिणझिण्या यायच्या. शेजारच्या काकांनी दोन पिनांचा प्लग उलटा करून लावला, झिणझिण्या थांबल्या, सगळे खूश. सासूबाईंना काही पटेना. त्यांनी मिस्त्री बोलावला. पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग एका टोकाला ओलं होऊन गळती टाकीत उतरत होती. प्लग उलटवल्यावर तेच टोक न्यूट्रलकडे, म्हणजे जिथे व्होल्ट जवळजवळ नसतात त्या तारेकडे, गेलं, बिघाड होता तिथेच राहिला! मग त्यानं तीन पिनांचं सॉकेट उघडलं, तर तिसऱ्या भोकामागे वायरच नाही. वाड्याची जुनी अर्थिंग अंगणात पारिजातकाखाली सापडली. कोळसा-मिठाचा खड्डा ठणठणीत कोरडा. नवीन वायर ओढली, पंप बदलला. आता उन्हाळाभर तुळशीच्या आधी त्या खड्ड्याला पाणी मिळतं, आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेला हवा, हा सासूबाईंचा कायदा.

(मध्येच बोलतो. अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. 'एमसीबी आहे ना' म्हणून निर्धास्त राहणारे मला फार भेटतात. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचं हृदय बिघडायला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी प्रवाह पुरतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळतीलाच लाइन तोडतो.)

कंपू भागातून, विद्यार्थी:
लॅपटॉप चार्जिंगला असला की धातूच्या कव्हरवर मनगटाला झुरझुर लागायची. चार्जरच्या फिल्टर कपॅसिटरमधून येणारा किरकोळ प्रवाह, दुसरं काही नाही. अर्थिंगवाली तीन पिनांची कॉर्ड लावली, गेली.

माहेर मालवण, सासर ग्वाल्हेर:
तुमच्या बोक्याचं कसलं कौतुक! आमच्या भावाच्या जाळ्यात एकदा गोल, चपटा, लिबलिबीत मासा आला. उचलला, आणि कोपरापर्यंत हात बधिर. पाकटांच्या गोतातला वीज मारणारा मासा तो. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर असाच जिवंत मासा कपाळावर ठेवायला सांगे. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा डोकं दुखू दे.

(दक्षिण अमेरिकेतल्या विजेच्या ईलचा नंबर वरचा: ८६० व्होल्टपर्यंतची नोंद आहे. पण तिचा एकेक झटका सेकंदाच्या काही हजारांश भागात आटोपतो. भिंतीतले २३० व्होल्ट सुटी घेत नाहीत, स्नायू आवळून हात तारेलाच धरून ठेवतात.)

शिंदे की छावणीतून:
गेल्या पावसाळ्यात लोखंडी खांबाजवळच्या पाण्यात एक म्हैस कोसळली. बाजूला उभ्या माणसांना तळपायाला नुसत्या मुंग्या. जमिनीत उतरलेली वीज खांबापासून दूर जाताना कमी कमी होत जाते. म्हशीच्या पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटरभर अंतर, त्यामुळे फरकही मोठा, आणि वाट थेट छातीतून. तिचा मालक दावं सोडायला धावला. आमच्या दादांनी मागून कवळ घालून त्याला धरून ठेवलं. तो दादांना शिव्या देतोय, दादा ओरडताहेत, 'पहले लाइन कटवाओ!' जवळ उभ्या असलेल्यांना पाय जुळवून छोट्या उड्या मारत मागे सरकायला लावलं. लाइनमननं वरून जोडणी काढली तेव्हाच दादांनी मिठी सोडली. म्हैस वाचली नाही. तिचा मालक आजही आमच्याकडे दूध घालतो.